शेंदराची खोळ

दापोड्यात गोदामांकडे वळणाऱ्या रस्त्यालगत एक कोरीव दगड उभा होता. कधीकाळी लढून मेलेल्या कुणा वीराचा. गाव त्याला वीरबाबा म्हणायचं. तो कोण, कुठला हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. आनंदीबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्याला तेल-शेंदूर लावत होती. एका सकाळी रिव्हर्स घेणाऱ्या कंटेनरने दगड आडवा केला. शेंदराची जाड खोळ सुटून गवतात पडली आणि चाक नेमकं चेहऱ्यावरून गेलं. ड्रायव्हरने हात जोडले, पण हात जोडून दगड सांधला जात नाही.

भंगलेला देव पुजत नाहीत. उद्या खोळीसकट खाडीत सोडायचा, असं गावाने ठरवलं. आनंदीबाईच्या जिवाला वेगळीच टोचणी लागली. जन्मभर सेवा केली आणि देवाचं तोंड एकदाही पाहिलं नाही. आपणच ते शेंदराखाली गाडलं, आता तर त्याचा चुरा झाला.

जुन्या शिल्पांचा अभ्यास करणारी मेघाली लॅपटॉप घेऊन धावत आली, पण चेहऱ्याचा चुराच तिच्या हाती लागला. शेंदराने कोरीवकामाचं वाटोळं होतं, हे ती गावोगाव सांगत फिरायची. इथे ते सांगायची सोय नव्हती. म्हातारी आधीच डोळे पुसत होती. मेघालीने सहज खोळ उलटी केली आणि ती वाकून पाहू लागली. आत नाकाच्या जागी खळगा होता, गालांच्या जागी दोन वाट्या. मोदकाच्या साच्यासारखं सगळं उलटं उमटलं होतं.

“आजी, तुमच्या शेंदरानेच राखलंय त्याला,” ती म्हणाली. पोर आपली समजूत घालतेय, असं आनंदीबाईला वाटलं.

मेघालीने खोळीचे चहूबाजूंनी फोटो काढले. त्यांवरून कॉम्प्युटरने खोळीचा आकार बांधला. मग मेघालीने पडद्यावर खळग्यांचे उंचवटे केले आणि आनंदीबाईला जवळ बोलावलं.

आनंदीबाईने डोक्यावर पदर घेतला, मगच पडद्याकडे पाहिलं. मिसरूडही न फुटलेला, गोबऱ्या गालांचा मुलगा तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं ती याला बाबा म्हणाली होती. घरातलं प्रत्येक दुखणं याच्याच पायाशी आणून टाकलं होतं. तिला भडभडून आलं.

“यो तं पोर हाय,” ती म्हणाली. मग तिने पडद्यावरच्या गालाला हलकेच बोटं लावली.

“जेवलास का रं?”