काळं उतरवायला कुणी आलं नाही

मी पेरीखानचा हिरवा झगा बोलतोय. मला पाहून ज्यांना गहिवरून येतं, त्यांनी आधी नाक शिंकरून यावं.

सीरियातल्या कामिश्लीत पेरीखानने मला भावाच्या लग्नासाठी स्वतः शिवलं. माझ्या बाह्यांना लांब शेपटं आहेत. नाचताना ती शेपटं मानेमागे बांधायची. पुढे ती स्टॉकहोमला आली, तिच्या पेटीतून मीही आलो. मग तिकडे गावी भाऊ वारला आणि तिने काळं घातलं.

आम्हा कुर्दांत काळं आपलं आपण उतरवत नाहीत. नात्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने रंगीत कापड आणायचं आणि म्हणायचं, "पुरे आता, बाई." इथे नातलग रग्गड, पण प्रत्येकीला वाटलं, दुसरी जाईल. यायच्या, चहा ढोसायच्या, देशाच्या नावाने उसासे टाकायच्या आणि जायच्या. हात मात्र रिकामे! अशी वर्षं गेली.

लेक बेरफिन लेखिका झाली. तिच्या कादंबरीतली काळ्या कपड्यांतली आई म्हणजे म्हणे देश हरवलेल्यांचा न संपणारा शोक. एका मावशीला फोन केला असता, तर शोक संध्याकाळपर्यंत संपला असता.

प्रकाशनासाठी तिने मला मागितलं.

"ने. पण तुझ्या मामाच्या मुलीच्या लग्नाआधी आण. मला नाचायचंय गं," पेरीखान म्हणाली. "काळ्यात कशी नाचू?"

"काळं तुला शोभतं, आई. मुखपृष्ठावर तेच तर आहे!"

समारंभात मला घालून आलेल्या बाईसाहेबांनी माझी शेपटं कॉफीत बुडवली. एका स्वीडिश गृहस्थाने विचारलं, "आई काळं कधी उतरवणार?"

"ती कधीच उतरवणार नाही," बेरफिन गंभीरपणे म्हणाली.

पहिल्या रांगेतून पेरीखान म्हणाली, "उतरवीन की! कुणी उतरवायला आलंच नाही."

मग टाळ्यांचा कडकडाट! दोन मावश्यांनी तर डोळे पुसले. निर्लज्ज!

दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य मलपृष्ठावर छापलं.

लग्न झालं. पेरीखान भिंतीला टेकून टाळ्या वाजवत राहिली. मला कुणी परत नेलंच नव्हतं. मी बेरफिनच्या दिवाणखान्यात काचेमागे आहे. पाहुणे माझ्यासमोर माना हलवून 'आपली ओळख' म्हणतात आणि केक खातात.

मावश्यांनो, मला न्याहाळू नका. एखादा रंगीत रुमाल घ्या आणि पेरीखानचं दार वाजवा. तेवढंही जमत नसेल, तर निदान टाळ्या तरी वाजवू नका.