पाणी समजून

मंगळवारची सकाळ, सव्वानऊ वाजले होते. पडवीत घड्याळाच्या बरोबर खाली मी उभी होते, म्हणून ती वेळ मला पक्की ठाऊक आहे. तेव्हा नेत्राने मला दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाला लावलं.

मी एक प्लॅस्टिकची बाटली बोलतेय. लिटरभर पाण्याची, निळ्या झाकणाची. पण त्या सकाळी माझ्यात पाणी नव्हतं.

आपल्याबद्दल सांगावं असं माझ्याजवळ थोडंच आहे, आणि जे आहे ते सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. तरी सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. गरम हवा भरून फुगवलं, पाणी भरलं, झाकण पिळलं, की झाला जन्म. तिथून खोक्यात बसून रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर आले. वेदिका तेव्हा आपल्या तान्ह्या लेकीला, नेत्राला घेऊन चिपळूणला माहेरी निघाली होती. गाडी सुटता सुटता तिने मला खिडकीतून विकत घेतलं. चिपळूण यायच्या आत माझ्यातलं पाणी संपलं, पण तिने मला टाकलं नाही. चांगली धडकी बाटली कोण टाकतं? आमच्याकडे प्रत्येक घरात माझ्यासारख्या पाच-सहा तरी असतात. एकीत खोबरेल, एकीत कोकमाचं आगळ, एकीत फिनेल. माणसं बाटली बघतात आणि म्हणतात, असू दे, कशाला तरी उपयोगी येईल.

जयगडच्या खाडीकाठी वेदिकाचं सासर. नवरा भावेश मासेमारी करतो, आणि घरात सासू भागूबाई. आधी मी भावेशबरोबर होडीवर जायची. पुढे माझ्या अंगावर चरे पडले, तेव्हा मी घरातच राहिले आणि नेत्राची झाले. तिचं पाणी माझ्यात. पाणी हा शब्द ती माझ्याकडे बोट दाखवूनच शिकली. निळं झाकण दिसलं की दुडुदुडु धावत यायची. इतका भरवसा माझ्यावर कुणी ठेवला नव्हता. तेच आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

वेदिका काळजी करणारी बाई. पोर शिंकली तरी कपाळाला हात लावून ताप बघायची. भागूबाई म्हणायच्या, "आम्ही चार वाढवली गो. तू एकीला नुसती फुंकत बसतेस."

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ठेवतात आणि बंदी उठायच्या आधी त्यांना रंग लावतात. त्या रंगात घालायला भावेशने थिनरचा डबा आणला. थिनर दिसायला अगदी पाण्यासारखं, वास मात्र डोक्यात जाणारा. डब्याचं झाकण वाकलं होतं, घरभर वास सुटला. या वासाने पोरीला काही झालं तर, म्हणून वेदिकाने घाईघाईने हाताला लागली ती बाटली घेतली, डब्यातलं सगळं थिनर तिच्यात ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि उंच फळीवर ठेवलं. ती बाटली मी. पोरीला जपायलाच तिने हे केलं, हे मी शपथेवर सांगेन.

मंगळवारी भावेशने ब्रश धुवायला मला खाली काढलं. झाकण सैल केलं तोच फोन वाजला. मला पडवीत टेकवून तो बोलत बोलत अंगणाच्या टोकाला गेला. वेदिका आत भाकऱ्या थापत होती.

नेत्राने एकच घोट घेतला असेल. तिला ठसका लागला, मी तिच्या हातातून सुटले. बोंब मारावी तर मला आवाज कुठला? वास आला तशा भागूबाई धावत आल्या आणि ओरडल्या, "बोट घाल गो तिच्या तोंडात. ओकव तिला आधी." वेदिकाने घशात बोट घालून तिला ओकवलं. पोर ओकली. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण त्यानंतरच तिच्या छातीत घरघर सुरू झाली आणि ओठ निळे दिसायला लागले.

शेजारची मथुरा म्हणाली, "ती बाटली पण घ्या बरोबर. काय प्यायली ते डॉक्टर विचारतील." म्हणून मला पिशवीत कोंबलं, पोरीच्याच झबल्यांमध्ये.

रत्नागिरीला मिशनच्या लोकांचा एक दवाखाना आहे, तिथे नेलं. डॉक्टरांनी मला हुंगलं, छातीचा फोटो काढला, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. मग विचारलं, "घरी उलटी करवलीत का तिला?"

वेदिकाने सासूकडे बघितलं. सासूने खाली बघितलं.

"नाही," वेदिका म्हणाली. "आपसूक झाली."

डॉक्टर म्हणाले, "बरं. पण लक्षात ठेवा, असलं काही प्यायलं तर ओकवायचं नाही. पोटात गेलं तर एक वेळ निभतं. वर येताना छातीत शिरतं, मग फुफ्फुस सुजतं."

वेदिका भिंतीला टेकली. तिचा चेहरा मी पिशवीच्या तोंडातून पाहिला. तोवर मला वाटत होतं की गुन्हेगार मी एकटीच.

त्या दिवसापासून ती पोरीच्या जवळ जाईना. कॉटच्या पायाशी खाली बसायची, पाठ फिरवून. भागूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं की नेत्रा "आई, आई" करून नळी ओढायची. वेदिका उठायची, दोन पावलं जायची, परत बसायची. एक हात सारखा पिशवीत, माझ्या अंगावर. नर्स म्हणाली, "अहो, ती बाटली टाका की आता. काम झालं तिचं." वेदिकाने ऐकल्यासारखं केलं आणि मला आणखी खाली दाबलं.

भावेश तिला एका शब्दाने बोलला नाही. येताना जेवणाचा डबा आणायचा, पोरीच्या पायावरून हात फिरवायचा, दाराआड जाऊन डोळे पुसायचा. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मनात म्हणत असणार.

त्या दवाखान्यात एक बाई रोज दुपारी वॉर्डात यायच्या. मार्थाबाई त्यांचं नाव. दापोलीच्या, ख्रिस्ती, केस पिकलेले. चपला फटफट वाजतात म्हणून दाराबाहेर काढून यायच्या. आजाऱ्यापाशी, त्याच्या माणसांपाशी बसायचं, ऐकायचं, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची, हेच त्यांचं तिथलं काम. त्यासाठी दवाखान्याने त्यांना ठेवलं होतं.

भागूबाईंना ते मुळीच पटलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकवलं, "बाई, आधीच सांगते. आम्हाला आमची देवी आहे. तुमचं येशूबिशू आमच्यात नाय चालायचं."

"बरं मावशी. नुसतं बसू का?"

"बसा की. खुर्ची काय माझ्या बापाची नाय."

मार्थाबाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. वेदिकाच्या शेजारी खाली फरशीवर बसल्या. जेवलीस का म्हणून विचारलं. वेदिकाने मान हलवली, हो की नाही ते कळेना. दुसऱ्या दिवशीही तसंच. बोलल्या त्या भागूबाईच, त्याही टोमणे मारायला. "पगार मिळतो वाटतं बसायचा?" मार्थाबाई हसून म्हणाल्या, "मिळतो थोडा. गुडघे दुखतात त्याचा वेगळा नाही मिळत." भागूबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड दडवलं.

नंतरच्या दुपारी नेत्राला जोराची खोकल्याची उबळ आली. "आई" म्हणत तिने दोन्ही हात पुढे केले. वेदिका जागची हलली नाही. तिची बोटं माझ्या गळ्याभोवती इतकी आवळली की मी चेपले. तो आवाज मार्थाबाईंनी ऐकला.

"काय आहे गं पिशवीत?"

वेदिकाने मला बाहेर काढलं. उजेडात सगळ्यांसमोर आल्यावर मला कुठे जाऊ असं झालं.

"ही ती? मग ठेवलीस कशाला?"

"टाकली तर मी विसरेन."

"विसरशील असं वाटत नाही मला," मार्थाबाई म्हणाल्या. "पण ही हातात धरून पोरीला उचलणार कशी? त्याला दोन्ही हात लागतात."

मग वेदिकाला जे रडू फुटलं, ते रोखता येईना. पदर तोंडात कोंबून ती म्हणाली, "सगळे म्हणतात बाटलीने केलं. बाटलीत मी ओतलं. आणि छातीत पण मीच घातलं. मी बोट घालून ओकवलं तिला. डॉक्टरांनी विचारलं तर खोटं बोलले. मला हिला हात लावायची लाज वाटते हो. मी हात लावला की हिचं वाईटच होतं."

मार्थाबाई असं म्हणाल्या नाहीत की तुझी चूक नाही. म्हणाल्या, "हो. त्यानेच झालं असेल." थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. "तुला ठाऊक नव्हतं. तू तिला वाचवायला गेलीस. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि झालं तेही खरं आहे. हे सगळं तू एकटीने उचलावंस असं माझा देव म्हणत नाही. तो म्हणतो, दमलेल्यांनो, माझ्याकडे या."

कॉटवरून आवाज आला. "एकटीने नाय."

भागूबाई होत्या. नेत्राला छातीशी धरून बसलेल्या, पण बघत होत्या भिंतीकडे. "बोट घाल म्हणून मी ओरडले. ती घाबरून नुसती उभी होती. ती माझं नाव घेत नाय. तिथे डॉक्टरांपुढे नाय घेतलं, आता तुमच्यापुढे पण नाय. आणि मी दिवसभर हिला घेऊन बसते आणि लोकांना सांगते, आईचं लक्ष नव्हतं." त्यांनी नेत्राची नळी सरळ केली. "चार वाढवली म्हणते मी. कशी वाढली ती देवालाच ठाऊक."

वेदिका म्हणाली, "आई, असू दे."

"नाय असू दे. बाई, तुमची ती प्रार्थना करता ना, करा. पोरीचं नाव नेत्रा. हिचं वेदिका. त्यात माझं पण घाला, भागूबाई."

मार्थाबाईंनी डोळे मिटले. "हे स्वर्गीय बापा, नेत्राच्या छातीवर हात ठेव. वेदिकाची आणि भागूबाईंची लाज तुला दिसते आहे. त्या दोघींना तुझ्या पंखांखाली घे. येशूच्या नावाने मागते. आमेन." एवढंच. दोघी सासू-सुनांनी गणपतीपुढे जोडतात तसेच हात जोडले होते. वेदिकाच्या हातात मी होते, मला खाली ठेवल्याशिवाय तिला हात जोडता आले नसते. तिने मला फरशीवर ठेवलं.

भागूबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "आमच्या देवीला राग नाय ना यायचा?"

"तिलाही सांगा की. मी कुठे अडवतेय?"

मग वेदिका उठली. कॉटवर बसली, सासूच्या मांडीवरून पोरीला घेतलं, नळी सांभाळून. नेत्राने तिच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि खोकत राहिली. खोकला लगेच थांबला नाही. पण ती आईच्या अंगावर खोकत होती.

मार्थाबाई म्हणाल्या, "डॉक्टरांना पण सांगू या. मी येते बरोबर." त्या निघणार तोच डॉक्टर कॉटपाशी आले, आणि वेदिकाने पोरीला खांद्यावर घेऊनच ओकवल्याचं सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत. "फोटो बघून मला अंदाज आलाच होता. औषधं तीच चालू आहेत," ते म्हणाले. "पण सांगितलंत ते फार बरं केलंत. होड्या रंगवायच्या दिवसांत असं पोर दर वर्षी येतं आमच्याकडे. तुमच्या बंदरावर सांगा हे. आमचं कुणी ऐकत नाही."

नेत्रा बरी होऊन घरी आली. धावताना अजून मध्येच दम लागतो, तेव्हा वेदिकाचा जीव टांगणीला लागतो. पाणी आता स्टीलच्या पेल्यातून पिते.

मला वेदिकाने घरी आणलं. तापलेल्या सळीने माझ्या बुडाला भोक पाडलं, म्हणजे पुन्हा कुणी माझ्यात काही भरायला नको. वरून होडीचा लाल रंग फासला, झाकण तेवढं निळंच ठेवलं. आता बंदरावर बायका जाळी विणायला बसतात तिथल्या खांबाला मी टांगलेली आहे. वेदिका तिथे बायकांना झालेलं रोज सांगते असं नाही. सांगते तेव्हा तिचा आवाज खाली जातो, कान लाल होतात. भागूबाई शेजारी बसलेल्या असतात. "ओकव म्हणून मी ओरडले, ते पण सांग," असं त्या स्वतःच म्हणतात. परवा एकीने मागून टोमणा मारला, "पोरीला थिनर पाजून आता शिकवते आम्हाला." वेदिकाने तो ऐकला, गिळला आणि पुढचं वाक्य सांगितलं. मार्थाबाई एकदा एसटीने येऊन बघून गेल्या. बायकांत खाली बसल्या, नुसतं ऐकलं.

माझी लाज गेलेली नाही. वाऱ्यावर हलते तेव्हा एखादं पोर निळ्या झाकणाकडे बोट दाखवतं आणि मी शहारते. पण टांगलेली आहे तोवर एवढं तरी बोलेन.

थिनर, रॉकेल, पेट्रोल, ॲसिड, काही असो, पाण्याच्या बाटलीत ओतू नका. ज्या डब्यातून आलं त्याच डब्यात ठेवा, डबा फुटला तर ते घरात ठेवूच नका. आणि पोराने घोट घेतलाच तर ओकवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. पोराला उचला, बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा. तिथे जे केलंत ते खरं सांगा, लाज वाटली तरी.

तुमच्या शेजारी लहान पोर असेल, तर आज त्या घरी जाऊन एवढं सांगा. आणि त्यांनाही म्हणा, पुढच्या घरी सांगा.