कन्या राशीच्या पाच ओळी

बावीस वर्षं मी एका साप्ताहिकात दर महिन्याचं राशिभविष्य लिहिते आहे, आणि या बावीस वर्षांत एकदाच खोटं लिहिलं. ते कसं झालं ते सांगून टाकते. लपवण्यात अर्थ नाही, पकडली तर गेलेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. ग्रहांचं गणित मी स्वतः मांडते, वडिलांनी शिकवलं तसं, आणि दुसऱ्याचं भविष्य उचलून दोन शब्द इकडेतिकडे करणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे. ‘लाभ संभवतो, प्रकृती सांभाळा’ हे लिहायला पंचांग कशाला उघडायचं? महिना बदलाचा असेल, तर वाचणाऱ्याला नेमकं कळलं पाहिजे की काय धरायचं आणि काय सोडायचं.

त्यासाठी माझी एक पद्धत आहे. हजारो अनोळखी माणसांना एकदम सल्ला देता येत नाही, एकाला देता येतो. म्हणून प्रत्येक राशीला मी ओळखीतलं एक माणूस नेमलं आहे. गणित आधी, मग त्या माणसाला समोर बसवायचं आणि त्याला सांगायचं. मेष म्हणजे आमचा घरमालक. ‘जिभेवर ताबा ठेवा’ असं मी त्याला बावीस वर्षं लिहिते आहे आणि तो बावीस वर्षं ठेवत नाही. मीन म्हणजे आमचे संपादक. ते दर महिन्याला फोन करून विचारतात, “बाई, हे तुम्हाला कसं कळलं?” सिंह म्हणजे माझे यजमान. ते जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांची रास मी चालूच ठेवली आहे. तशीही ते होते तेव्हा कुठे ऐकत होते? आणि कन्या म्हणजे धाकटी.

धाकटी माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. यजमान गेल्यावर वर्षभराने ती दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली, “आठ दिवस राहते” म्हणाली, त्याला आता अकरा वर्षं झाली. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणते, “एकाचेही दात पसंत पडले नाहीत.” तिचा धंदाच तो. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे छोटी लॅब आहे, तिथे ती एकोणीस वर्षं कवळ्या करते. मेणात एकेक दात बसवते, घासते, पुन्हा काढते, पुन्हा बसवते. तिच्या नखांच्या कडा कायम प्लास्टरने पांढऱ्या असतात. माझं अक्षर संपादकांना लागत नाही, त्यामुळे माझ्या बारा राशी टाइप करून पाठवण्याचं कामही तिचंच.

त्या महिन्याच्या अठरा तारखेला जेवताना तिने सांगितलं की डॉक्टर निवृत्त होताहेत. दवाखाना मुलगा चालवणार. त्याने यंत्र मागवलं होतं, तोंडाचं माप संगणकात घालायचं की तासाभरात दात कोरून बाहेर. लॅब पुढच्या महिनाअखेर बंद. धाकटीला मात्र त्याने काढलं नव्हतं. काउंटरवर बसा म्हणाला होता, फोन घ्या, नंबर लावा.

“आणि एक पत्र आलंय,” ती म्हणाली.

पत्र एका बाईचं होतं. मागे कधीतरी दोघींनी एका वर्गात एकत्र शिक्षण घेतलं होतं. ती बाई आगगाडीने पाच तासांवरच्या गावात स्वतःची लॅब काढत होती, सगळं हाताने करणारी, ज्यांचे जबडे यंत्राला जमत नाहीत अशा माणसांसाठी. तिला धाकटी भागीदार म्हणून हवी होती. दोन मुलींना शिकवायचंही होतं. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत होय की नाही कळवायचं होतं.

“तुला काय वाटतं, ताई?”

मी ताटातून मान वर केली नाही. “ग्रह बघून सांगते,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ग्रह मांडले. गुरू पाच तारखेला कर्केत जात होता. कर्क ही त्याची उच्च रास, आणि कन्येपासून मोजलं तर अकरावं घर, म्हणजे लाभाचं. याहून सरळ गणित मी पाचवीच्या वर्गालाही घातलं नसेल. उत्तर एकच होतं: ऊठ आणि जा.

मी पेन हातात घेतलं, पद्धतीप्रमाणे धाकटीला समोर बसवलं, आणि तिच्याकडे बघता बघता मला या घराची सकाळ दिसली, तिच्याशिवायची. एकच कप. वर्तमानपत्रातलं काही वाचून दाखवायला कुणी नाही, आणि ‘पुरे ताई’ म्हणायलाही कुणी नाही. मी घाबरले. आयुष्यात मी फार कमी वेळा घाबरले आहे आणि घाबरलेली मी चांगली माणूस नसते.

मी लिहिलं: “कन्या: बदल मोहक दिसेल, पण पाया कच्चा आहे. आहे ती जागा सोडू नका. नवी भागीदारी पुढे ढकला. पंधरा तारखेपर्यंत कुणालाही शब्द देऊ नका. जवळची माणसं हाच या महिन्याचा आधार.”

वीस तारखेला ती टाइप करायला बसली. मी शेजारच्या खोलीत उगाचच कपाट आवरत होते, कान मात्र तिकडे. सिंह झाली, आणि टकटक थांबली. बराच वेळ थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

“पाठवलं,” ती म्हणाली. एवढंच.

एक तारखेला अंक आला. छापून आलेलं मी वाचत नाही, मुद्रणदोष बघून माझं रक्त उकळतं. अंक गठ्ठ्यावर गेला. तीन तारखेला धाकटीने चहा गाळता गाळता सांगितलं, “डॉक्टरांच्या मुलाला होय म्हणून आले. त्या बाईला पंधरापर्यंत नाही कळवते.”

मी जिंकले होते. आठवडाभर मी इतकी खुशीत होते की घरमालकाशीसुद्धा गोड बोलले. तो बिचारा बुचकळ्यात पडला.

बारा तारखेला धाकटी डबा घरीच विसरली. मी तो घेऊन दवाखान्यात गेले. अकरा वर्षांत तिच्या लॅबमध्ये मी दोनदा गेले असेन, तीही दारापर्यंतच. त्या दिवशी ती म्हणाली, “बस जरा, माणसं थांबलीयेत,” म्हणून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

थांबलेली माणसं म्हणजे एक निवृत्त बसड्रायव्हर आणि त्याची बायको. त्याच्या कवळीचे दात मेणात बसवून तयार होते, शेवटचं बघायचं बाकी होतं. त्याने तोंडात घालून आरशात पाहिलं. सरळ, पांढरी, एकसारखी रांग. तो खूश झाला. बायकोचा चेहरा पडला.

“छान आहे,” ती म्हणाली, “पण हे कुणी दुसरेच वाटतात.”

धाकटीने तिच्याकडून त्याचा जुना फोटो मागून घेतला. फोटोत तो बसच्या दारात उभा राहून हसत होता, आणि वरचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. धाकटीने कवळी काढून घेतली, बारीक ज्योतीवर सुरीचं टोक तापवलं, तेवढ्या एका दाताभोवतीचं मेण मऊ केलं आणि तो दात अंगठ्याने केसभर फिरवला. पुन्हा फोटो पाहिला. पुन्हा केसभर.

“आता घाला, आणि हसा.”

तो हसला. बायकोने तोंडावर हात धरला. “आले,” ती म्हणाली. “आले हो, हेच ते.” आणि नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली, जणू तो इतके दिवस मुद्दामच कुठे लपून बसला होता.

ती दोघं बाहेर गेली आणि लगेच डॉक्टरांचा मुलगा डोकावला. मुलगा वाईट नाही, नम्र आहे. “मावशी,” तो म्हणाला, “एक तारखेपासून फोनवर ‘नमस्कार’ जरा हसून म्हणायचं हं. सवय करून ठेवा.”

“बरं,” धाकटी म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईने नमस्काराची सवय करायची? मी त्या मुलाला चार शब्द सुनावणार होते, तोंड उघडलंही होतं. मग लक्षात आलं की तिला त्या काउंटरवर त्याने नाही, मी बसवलं आहे. तो गेला. लाज वाटली, खूप लाज वाटली.

“धाकटे,” मी म्हणाले, “मी खोटं लिहिलं. कन्येचं. गुरू तुला लाभात आहे, उच्चीचा. तुझ्यासाठी बारा वर्षांत असा महिना आला नव्हता. मी उलटं लिहिलं.”

ती सुरी पुसत होती. “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“अकरा वर्षं तुझ्या राशी टाइप करते आहे, ताई. गुरू कर्केत आला म्हणजे कन्येला काय, एवढंही मला कळणार नाही? तूच वर वृषभेला लिहिलंयस गुरू कर्केत म्हणून. आणि खाली माझाच पाया कच्चा!”

गणिताच्या शिक्षिकेने एकाच पानावर दोन उत्तरं लिहावीत!

“आणि तू ते तसंच पाठवलंस?”

“छे. बाकीच्या कन्यांनी काय पाप केलंय? छापायला खरं पाठवलं. ‘उठा आणि जा’ असंच लिहिलंय, तुझ्या थाटात. संपादकांना शंकासुद्धा आली नाही. तुझं पाच ओळींचं हस्तलिखित माझ्याकडे आहे.”

मला हसावं की रागवावं कळेना. बावीस वर्षांच्या माझ्या सदरात हिने परस्पर हात घातला होता आणि त्यामुळेच माझी अब्रू वाचली होती.

“मग तुला सगळं कळत होतं,” मी म्हणाले, “तर काउंटरला होय का म्हणालीस?”

तिने सुरी खाली ठेवली. “त्या पाच ओळी वाचल्या म्हणून. मी आठ दिवस म्हणून आले. नवव्या दिवशी तू राहा म्हणाली नाहीस, जा म्हणाली नाहीस. ‘येताना साबण आण’ म्हणालीस. अकरा वर्षं मला वाटत आलंय की मी तुझ्या गळ्यात पडले आहे आणि तू भिडेपोटी ठेवून घेतलंयस. आणि त्या दिवशी टाइप करता करता कळलं की तुला मी हवी आहे. इतकी, की तू ग्रहांना खोटं पाडलंस. तू, जी वाण्याकडच्या वजनातही चूक चालवून घेत नाहीस! मग मी म्हटलं, गेलं ते गाव. राहू इथेच.”

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. आम्हा दोघींना घरात कुणी असलं बोलायला शिकवलंच नव्हतं. वडिलांनी ग्रह शिकवले, तेवढेच.

“हवी आहेस,” मी म्हणाले. “रोज हवी आहेस. नवव्या दिवशीही हवी होतीस, पण विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर, म्हणून मी साबणाचं बोलले.”

तिचे डोळे भरले. तिने ते दंडाने पुसले, हाताला मेण होतं म्हणून.

“आणि आता तू जा,” मी म्हणाले.

“हे ग्रह म्हणताहेत की तू?”

“मी म्हणते आहे. तो दात तू फिरवलास ना, ते मी आज पाहिलं. काउंटरवर बसवलेली तू मला घरात नको आहेस.”

“एकटी राहशील?”

“नाही,” मी म्हणाले. “रडेन. घरमालकाशी रोज भांडेन. तू फोन लाव.”

तिने साबणाने हात धुतले, दोनदा, कोपरापर्यंत, आणि माझ्यासमोरच उभी राहून त्या बाईचा नंबर लावला.