सदस्य जागेवर नाहीत

माझा मामा आमदार आहे. हे मी शाळेत इतक्यांदा सांगितलंय की आता हजेरी घेताना बाईसुद्धा हसतात. पण या वेळी सांगण्यासारखंच होतं. मामा भर सभागृहात आमचा प्रश्न विचारणार होता!

आमचा म्हणजे टेकडीपलीकडच्या वस्तीच्या बसचा. ती बंद झाल्यापासून माझी मैत्रीण ढापणी (जाड चष्मा आहे म्हणून, तिला चालतं) महामार्गाच्या कडेने चालत शाळेत यायची. एकदा ट्रक इतका खेटून गेला की दप्तर रस्त्यावर आणि ही गटारात. तिच्या बाबांनी निकाल दिला, "या अधिवेशनात बस सुरू झाली तर शाळा. नाहीतर ताईबरोबर खोक्यांच्या कारखान्यात."

मी मामाच्या मागे हात धुऊन लागले. त्याने प्रश्न दिला, आम्हा दोघींना गॅलरीचे पासही दिले.

"मंत्री छापील उत्तर वाचणार," गाडीत तो रंगात येऊन सांगत होता. "खरी मजा उपप्रश्नात. तिथे घाम फुटतो. बघाच, कसा सोलून काढतो त्याला."

"काका, आणि विसरलात तर?" ढापणीने विचारलं.

"विसरतोय कसला! फक्त जागेवर असलं पाहिजे. प्रश्न पुकारला आणि सदस्य जागेवर नसला, की प्रश्न गेला."

गॅलरीतल्या रखवालदाराने बजावलं, टाळ्या नाहीत, बोलणं नाही, वाकून बघणं नाही. खाली एक आमदार मन लावून कान कोरत होते. नळाला पाणी का नाही, असं कोणीतरी विचारलं. मंत्री म्हणाले, "माहिती घेण्यात येत आहे." आमच्या वर्गात असं उत्तर दिलं तर बाकावर उभं करतात.

मामाने वर बघून हळूच हात केला. ढापणीने माझं मनगट घट्ट धरलं. आमच्या आधी एकच प्रश्न उरला होता.

तेवढ्यात परिवहन मंत्र्यांचा सचिव आला आणि मामाच्या कानाला लागला. मामा उठला. वर न बघता बाहेर गेला.

अध्यक्षांनी मामाचं नाव पुकारलं. परिवहन मंत्री पेनाचं टोपण लावत शांत बसले होते.

"सन्माननीय सदस्य जागेवर नाहीत. पुढचा प्रश्न."

"अहो, तो बाहेरच आहे! बोलवा ना!" मी ओरडले. रखवालदाराने दंड धरून आम्हाला बाहेर काढलं.

खालच्या व्हरांड्यात मामा सचिवाबरोबर चहा पीत उभा होता. त्याच्या डोक्यावरच्या लाऊडस्पीकरमधून सभागृहातला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"अरेच्चा! झाला पुकारा?"

ढापणीने त्याच्या हातातल्या कपाकडे बघितलं. मग म्हणाली, "काका, चहा गार होतोय."

रात्री मामा जेवायला आमच्याकडेच होता. मी म्हटलं, "मला एक उपप्रश्न विचारायचाय."

"जेवताना नको," आई म्हणाली.

"विचारू दे गं. हे बघ बाळा, बाह्यवळण रस्ता आपल्याकडे आणतोय मी. घ्यायचं तर काहीतरी द्यावं लागतं."

"म्हणून बस दिलीस?"

"प्रश्न दिला. बस कुठे माझी होती!"

ढापणी पुढच्याच आठवड्यात कारखान्यात लागली.

मग शाळेचा बक्षीस समारंभ आला. प्रमुख पाहुणा मामा, वक्तृत्वात पहिली मी. माझं नाव पुकारण्याआधी मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात भोंग्याखाली जाऊन उभी राहिले. मुख्याध्यापिकांनी नाव दोनदा पुकारलं. "जागेवर नाही? बरं, पुढचं नाव."

मला वाटलं, आता मामाला कळेल. निदान मान तरी खाली जाईल.

समारंभ संपल्यावर तो बाहेर आला. त्याने मला बघितलं, वरचा भोंगा बघितला, आणि खो खो हसत सुटला. "आईशप्पथ! टायमिंग बघा पोरीचं! शेवटी भाची कोणाची!" त्याने फोटोवाल्याला हाक मारली, माझ्या हातात करंडक कोंबला आणि खांद्यावर हात टाकला. हा किस्सा तो आता सगळ्यांना सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ढापणीला हे सगळं सांगायला तिच्या घरी गेले. ती अजून आली नव्हती. ओव्हरटाइम.

"थांब गं, येईलच," तिची आई म्हणाली.

थांबता आलं नाही. अंधार पडायच्या आत महामार्गाने चालत परतायचं होतं.