बाजाराआधीचं मीठ

दहिवडीच्या स्टँडवर मल्हारनं पाण्याची बाटली बायकोच्या हातात दिली आणि बजावलं, "रगात देऊस्तवर ही माज्या नजरंला पडू देऊ नगंस." सोनमनं बाटली पिशवीच्या तळाशी सारली. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. त्यांच्या घरात उपास म्हटला की बिरोबाचा उपास. आदल्या दिवशी दिवे लागले की तोंड बंद, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. निघताना सासूबाईंनी, बयाबाईंनी, दारातून पुन्हा आठवण केली होती, "आवंढाबी जपून गिळ बाबा."

ऑक्टोबरचं ऊन सकाळीच चढलं होतं. विट्याला दुसरी गाडी उशिरा मिळाली, ती तासगावपर्यंत उभ्यानं. सांगलीत रक्त तपासणीच्या खोलीत पोचेपर्यंत मल्हारचे ओठ पांढरे पडले होते. सुई टोचणाऱ्या मुलीला शीर सापडेना. तिनं एक हात बघितला, दुसरा बघितला, मनगटावर थापट्या मारल्या.

"कालवडीची घावतीया लगेच, ह्यांची न्हाई घावत व्हय?" सोनम म्हणाली.

"कालवड हलत नसेल," मुलगी म्हणाली, आणि चौथ्या खेपेला काळपट, दाट रक्त नळीत आलं.

मल्हारला हे रक्त देणं नवं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी त्याला गालगुंड झाले होते. गाल सुजले, मग ताप उतरायच्या वेळी सूज खाली वृषणांवर गेली. आठवडाभर तो घोंगडीवर विव्हळत पडला आणि मग उठला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं बरं. त्यातून काय गेलं ते कळायला दहा वर्षं लागली. लग्न झालं, मूल झालं नाही, दाढी विरळ होत गेली. मेंढरांमागं दिवसभर चालणारा गडी दुपारीच बांधावर बसू लागला. मग एकदा साध्या दगडावरून घसरला आणि मनगट मोडलं. हाड एवढ्यावर कसं मोडलं, हे शोधता शोधता गाडी सांगलीच्या डॉक्टर शिवांजली यांच्यापर्यंत आली. त्यांनी सांगितलं, पुरुषाच्या अंगात जे टेस्टोस्टेरॉन तयार व्हायला हवं ते मल्हारच्या अंगात जवळजवळ होतच नाही. गालगुंडांनी ती जागाच जाळली. मूल होणं अवघड आहे, पण बाकीचं सुईनं भरून काढता येईल. दर तीन आठवड्यांनी एक.

त्याला दोन वर्षं झाली होती. पहिल्या चार-सहा महिन्यांत काही मोठं दिसलं नाही. मग एका संध्याकाळी सोनमच्या लक्षात आलं की आज कळप मल्हारनंच आणला, आणि कालही त्यानंच आणला होता. त्याआधीची तीन वर्षं ती आणि चुलतदीर गुंडा, दोघंच दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायची. शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी कळप बसवायचा, एक रान झालं की पुढचं. मल्हार घरी आईजवळ. गेल्या दिवाळीला तो बरोबर होता, सगळ्यात पुढं. यंदाची दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

रक्त दिल्यावर त्यानं अख्खी बाटली एका दमात संपवली आणि दोघं बाकावर बसून भाकरी खाल्ली. बोलणं कमीच. कारण अजून एक गोष्ट होती, जी फक्त त्या दोघांनाच माहीत होती. मल्हारची सुई तीन दिवसांनी होती. ती त्यानं कालच दहिवडीत घेऊन टाकली होती.

"मागच्या टायमाला आकडा कमी आला व्हता," तो काल म्हणाला होता. "आता परत कमी आला तर बाई म्हणंल, औषध लागू पडंना, बंद करा. म्हसवडच्या बाजाराला मेंढरू न्यायचं म्हटल्यावर आदल्या राती मीठ चारतो का न्हाई आपण? पानी पितंय, वजन भरतंय. तसंच हे."

"डॉक्टर काय खाटीक हाय व्हय?"

"तू गप. बोलू नगंस तितं."

तिनं मान हलवली होती, हो म्हणून.

चारनंतर त्यांना आत बोलावलं. डॉक्टर शिवांजली चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. कागद त्यांनी दोनदा वाचला, मग मल्हारचा रक्तदाब घेतला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या.

"मल्हार, डोकं दुखतं का? धाप लागते? पायाला एकाच बाजूला सूज?"

"काय न्हाई जी. ठणठणीत हाय."

"रात्री घोरता?"

"ही घोरतीया," मल्हार म्हणाला.

"ह्यांचं कुत्रं घोरतंय," सोनम म्हणाली. "नाव माझं."

डॉक्टर किंचित हसल्या आणि कागद दोघांना दिसेल असा फिरवला. "हे बघा. टेस्टोस्टेरॉन हजाराच्या आत हवं, तुमचं साडेचौदाशे आलंय. ते एक. पण मला काळजी याची आहे." त्यांनी बोट खालच्या ओळीवर ठेवलं. "रक्तात पाणी किती आणि तांबड्या पेशी किती, याचा हा आकडा. या औषधानं पेशी वाढतात, ते माहीतच होतं, म्हणून आपण तपासत राहतो. चोपन्नच्या वर गेला की रक्त दाट होतं, शिरेत गुठळी होऊ शकते. तुमचा छप्पन्न आहे."

"मंजे?"

"म्हणजे सुई थांबवायची. दोन-तीन महिने तरी. मग बघू."

मल्हारनं हात मांडीखाली घेतले, थंडीत घेतात तसे. सोनमनं ते हात बघितले. दोन-तीन महिने म्हणजे दिवाळी गेली, संक्रांत गेली. कळप ती आणि गुंडा नेतील, जमेल तसं. ते तिनं केलेलं होतं, पुन्हा करील. पण तीन वर्षं घरी पडून राहिलेला माणूस तिनं बघितला होता. कुणी हाक मारली तरी दोन हाकांनंतर ओ देणारा. तिला तो परत नको होता. आणि तो छप्पन्नचा आकडा खरा असेल, तर त्याच्या शिरेत गुठळी व्हायलाही नको होती. आकडा खरा किती, हे डॉक्टरांना कळायला हवं, आणि त्यांना निम्मंच माहीत होतं.

"बाई, ह्यांनी सुई कालच घेतलीया," ती म्हणाली.

मल्हारनं तिच्याकडं बघितलं नाही.

"काल? चार दिवस आधी?" डॉक्टरांनी फाईल मागं उलटली. "का?"

"आकडा भरावा म्हनून." आणि तिनं बाजाराचं, मिठाचं, सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी खुर्चीत मागं टेकून ऐकलं. "पहिल्या दोन-चार दिवसांत औषध रक्तात सगळ्यात जास्त असतं," त्या म्हणाल्या. "मग उतरत जातं. म्हणून दोन सुयांच्या बरोबर मधे बघायचं असतं. मागच्या वेळी तुम्ही अगदी शेवटच्या दिवशी आला होतात, म्हणून कमी दिसलं. हे मी तेव्हा नीट सांगायला हवं होतं." मग त्यांनी दुसरी ओळ परत बघितली. "पण पेशी एका रात्रीत वाढत नाहीत. एका सुईनं छप्पन्न होत नाही."

त्या कागदावर आणखी खाली आल्या. "युरिया वर आहे. प्रोटीन वर आहे. सगळंच वर आहे. सकाळी पाणी किती प्यायलात?"

मल्हारनं आता पहिल्यांदा मान वर केली. निदान हे तरी त्यानं नियमानं केलं होतं. "थेंब न्हाई जी. काल दिवं लागल्यापास्नं."

"उपास म्हणून?"

"उपाशीपोटी म्हनला हुता तुमी."

"आणि दहिवडीहून एसटीनं, या उन्हात." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, उपाशी म्हणजे अन्न नाही. पाणी प्यायचंच असतं. पाणी आटलं की उरलेलं रक्त दाट दिसणारच. दूध आटवलं की तेच पातेलं, साय जास्त."

"मंजे बाजाराला मीठबी चारलं," सोनम म्हणाली, "आन पानी पाजायचं इसरलं."

मल्हार हसला नाही, पण त्याचे हात मांडीखालून बाहेर आले.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "यातलं पाण्यामुळं किती आणि औषधामुळं किती, हे मला आज सांगता येणार नाही. सगळं पाण्यामुळंच, असं मी म्हणणार नाही. दहा दिवसांनी या. सुयांच्या मधोमध. आदल्या दिवशी भरपूर पाणी, सकाळीही दोन तांबे. तोवर दुसरी सुई नाही. डोकं दुखलं, पाय सुजला, छातीत काही झालं, तर वाट न बघता दवाखाना."

दहा दिवसांनी शीर पहिल्याच खेपेला सापडली. टेस्टोस्टेरॉन आठशेच्या आसपास, डॉक्टरांच्या मते चांगलं. तांबड्या पेशींचा आकडा मात्र बावन्न.

"छप्पन्न नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण बावन्न खरं आहे. सुरुवातीला तुमचा त्रेचाळीस होता. असंच चालू ठेवलं तर वर्षात तिथं पोचाल."

"बंद?" मल्हारनं विचारलं.

"बंद नाही. एवढा मोठा डोस एकदम दिला की आधी उसळतो, मग पडतो. निम्म्याहून थोडा कमी द्यायचा, पण दर दहा दिवसांनी. वर-खाली कमी होईल, पेशीही बहुधा आटोक्यात राहतील. तीन महिन्यांनी परत बघू. तेव्हाही वाढलं असेल तर मात्र थांबवायचं, आणि तुम्ही भांडायचं नाही."

मल्हारच्या डोळ्यांपुढं हिशेब आला असावा. दर दहा दिवसांनी सुई, आणि आज एका रानात, उद्या दुसऱ्या. "वाटंवर कोन देनार?"

"मी देती की," सोनम म्हणाली. "मेंढरास्नी कोन देतंय? तीनशे डोक्यांची लस दर साली मीच टोचती."

"मेंढीला तुम्ही कातड्याखाली देता," डॉक्टर म्हणाल्या. "हे मांसात द्यायचं, जागा ठरलेली. सिस्टर तुम्हाला शिकवतील, दोनदा इथं माझ्यासमोर द्या, मग सोडीन. आणि सुई दरवेळी नवी. मेंढ्यांची नाही."

"आन पाय बांधायचं का?" सोनमनं विचारलं.

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

दिवाळीनंतर कळप आष्ट्याच्या शिवारात एका उसाच्या खोडव्याशेजारी बसला होता. सकाळी गुंडा चहा ओतत होता. मल्हार वाघरीला, कळपाभोवतीच्या जाळीला, लागून पालथा पडला होता, चेहरा घोंगडीत. सोनमनं जागा पुसली, शिकवल्याप्रमाणं कातडी ताणली आणि सुई सरळ आत घातली. औषध तेलातलं, दाट असतं, म्हणून हळूहळू ढकलायचं होतं. तिनं सावकाश ढकललं.

"मीठ देऊ का वैनी ह्याला?" गुंडानं विचारलं.

"तपासणी तीन महिन्यांनी हाय," सोनम म्हणाली. "आता पानी दे."

मल्हारनं पडल्या पडल्या हात पुढं केला. गुंडानं तांब्या दिला. तो पालथ्यानंच, मान वाकडी करून, अर्धं सांडत, पूर्ण प्यायला. मग उठला, धोतर सारखं केलं आणि वाघरी सोडायला गेला.