बाबांनी सांधलेली जागा

मित्रांनो, रफूगाराच्या पेटीत राहणारी मी एक जुनी सुई आहे. बोटभर लांब, केसासारखी बारीक. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो घडल्या. मला वळण लावले ते मालकांच्या बोटांनी.

फाटलेल्या कापडातला एक धागा उचलायचा, एक सोडायचा आणि नवा धागा जुन्यांत असा मिसळायचा की कोणाला संशय येऊ नये, हे आमचे काम. आमचे दुकान म्हणजे जिन्याखालची एक खिडकी. कोट न्यायला आलेले वकीलसाहेब बाही चष्म्याला टेकवून विचारत, “अहो, भोक गेलं कुठं?”

“शोधा. सापडलं तर नाव बदलेन!” मालक म्हणत.

सुखाचे दिवस होते ते. पुढे मालकांची नजर अधू झाली, पेटी मिटली आणि या थंडीत मालकही गेले.

महिन्याभराने त्यांच्या मुलीने आपला शाळेतला लोकरी स्कर्ट कपाटातून काढला. बाकाच्या खिळ्याने तो फाटला होता, आम्हीच सांधला होता. ती उजेडात बसून त्यावरून बोट फिरवत राहिली. पुढून, मागून. कुठेच काही लागेना.

“आई, कुठे गं शिवलं होतं बाबांनी? त्यांच्या हातचं एवढंच माझ्याजवळ उरलंय, आणि तेच सापडत नाही.”

“सापडेल कसं? सगळा जन्म लपवण्यात गेला त्यांचा,” आई म्हणाली. “उलटा कर बघू.”

आतल्या बाजूला कापलेल्या धाग्यांची टोके होती, पापण्यांएवढी, ओळीने. एक ओळ जराशी तिरकी गेली होती. मुलीने तिच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आई उठून चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी मुलीने पेटी उघडली. माझा गंज घासला, चार वेळा हुकल्यावर धागा ओवला आणि आईच्या शालीचे भोक सांधायला घेतले. टाके जाडेभरडे, रंगही फिका.

“लांबून दिसतंय गं.”

“दिसू दे की. मी केलंय ते.”

मित्रांनो, आम्हा सुयांना गंज चढतो तो पडून राहिल्याने. घरातल्या अशा पेट्या अधूनमधून उघडत जा. आणि सांधलेला कपडा अंगात घालाल तेव्हा तो कोणी सांधला, कुठे सांधला, हे विचारून घ्या. सांगणारे समोर बसले आहेत तोवर.