तिजेची सुकती

मार्गशीर्ष लागला आणि मालवणाकडचा तो किनारा उजळून निघाला. धुके विरले, आकाश धुतले गेले, आणि निळ्या रंगाच्या जेवढ्या म्हणून छटा असाव्यात तेवढ्या त्या अथांग जलराशीवर एकदम उमटल्या. फेनशुभ्र लाटा येत होत्या, हसत होत्या, हसतहसत परत जात होत्या. सुरूच्या बनातला खारगंधी वारा अंगणात घुसे आणि दोरीवरच्या ओल्या साड्यांची शिडे करी.

अशा हवेत हेमांगीच्या अंगात वारे शिरले, तर नवल ते काय!

ती घाटावरची. लग्नाला आठ वर्षे झाली. समुद्र घरापासून दोनशे पावलांवर, पण घरचे सगळे मिळून त्या वाळूत एकदाही नुसते चालले नव्हते. समुद्राच्या उशाला राहणारी माणसे समुद्र पाहायला जात नाहीत. ते पाहुण्यांचे काम. हेमांगीने मात्र ठरवले. येत्या रविवारी, सकाळी आठला, सहकुटुंब एक सावकाश, सोपी फेरी. नवरा विश्राम, सहा वर्षांची जुई, ती स्वतः. आणि आबा.

आबांसाठीच तर हा सारा घाट घातला होता.

आबा तिचे सासरे. चाळीस वर्षे होडीचे तांडेल. त्यांच्या एका हाकेसरशी पहाटरंगी पाण्यावर बारा वल्ही उठत, बारा वल्ही पडत. दोन वर्षांपूर्वी मागच्या दारी पाय घसरला आणि खुबा मोडला. हाड जुळले, मन काही जुळले नाही. काठी टेकत ते अंगणापर्यंत येत आणि माघारी वळत. समुद्र अहोरात्र हाका मारी, आबा भिंतीकडे तोंड करून पडत. वाडीदेखत कुणीतरी हाताला धरून आपल्याला वाळूतून न्यावे, हे त्या मानी माणसाला मरणाहून जड होते. हेमांगी हे जाणून होती. म्हणूनच तिच्या उत्साहाला धाकधुकीची किनार होती. आबा एकदा 'नको' म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी ते 'हो' होत नसे.

पण काय तिची ती तयारी! वाट तिने पावलांनी मोजली. जुईला आबा व्हायला लावले. जुई कमरेत वाकली, झाडूची काठी केली आणि दर वीस पावलांवर मटकन बसून चहाचे फर्मान सोडू लागली, "च्याय हाडा!" ती बसली तिथे तिथे हेमांगीने विसावा मुक्रर केला. एक उपड्या होडीपाशी, एक सुरूच्या आडव्या ओंडक्यावर. घावणे ठरले, थर्मास ठरला, आबांची टोपीसुद्धा ठरली. रविवार तीन दिवसांवर, आणि हिचे पाय आत्ताच जमिनीवर ठरेनात.

गुरुवारी दिवेलागणीला तिने सगळ्यांसमोर बेत सांगितला. आबा भिंतीकडे वळले.

"रयवारी आठम," भिंतीलाच सांगावे तसे आबा म्हणाले.

"म्हणजे काय, आबा?"

"म्हणजे सकाळी आठाक पाणी वर, वाळूच्या कडेच्या मर्यादवेलीच्या जवळ. चलाक रवली ती भुसभुशीत वाळू. काठी थंयच रुतात. सुकती, म्हणजे तुमची ओहोटी, होतली दुपारी बाराक. तेव्हा काय पाय भाजून घेवचे?"

हेमांगीचा चेहरा पडला. तिने सुट्टी पाहिली होती, घड्याळ पाहिले होते. समुद्राला विचारायचे राहूनच गेले होते.

आणि मग खाट करकरली. आबा उठून बसले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्या पेरांत चाळीस वर्षे मुरलेले होते.

"पुनवेनंतरची तीज. तिजेक भरती सव्वादोनाक, म्हणजे सकाळी सव्वाआठाक पाणी पार सुकलेला. वाळू ओली, सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट. बुधवार येता."

"बुधवारी माझी ड्युटी, आबा," विश्राम पुटपुटला.

"रजा टाक!" आबा गरजले. "दर्या काय तुझो सायब न्हय, अर्जाची वाट बघूक!"

होडीवरची ती हाक दोन वर्षांनी घरात घुमली. जुई टाळ्या पिटू लागली. हेमांगीला हसू आले आणि रडूही आले. "तुम्ही येणार ना, आबा?" तिने विचारले. आबा पुन्हा भिंतीकडे वळले होते.

तेरा दिवस. चंद्र भरला, चंद्र उतरू लागला, आणि हेमांगीने दुसऱ्यांदा विचारण्याचे धाडस केले नाही.

बुधवारी उजाडले. ती दार उघडते तो आबा ओट्यावर, इस्त्रीचा सदरा घालून, काठी गुडघ्यांत धरून बसलेले. "किती येळ लावतास गो!"

बन ओलांडले, मर्यादवेल ओलांडली, आणि समोर मैलभर पसरली ओलीगच्च, रूपेरी, मोकळी वाळू. सागर दूर सरून उभा होता. काठी टक टक वाजत पुढे निघाली. विसाव्याच्या जागा मागे पडल्या, जुई धावली, विश्राम धावला, आणि आबा थेट पाण्याच्या रेषेवर जाऊन थांबले.

हेमांगी चार पावले मागेच राहिली. आठ वर्षांत तिने त्या पाण्यात पाऊल घातले नव्हते. तिला भीती वाटत होती, आणि हे तिने कधी कुणाला सांगितले नव्हते. आबांनी वळून पाहिले. काठी डाव्या हातात घेतली. जमिनीवरच्या माणसाला होडीत चढवताना तांडेल पुढे करतो, तसा उजवा हात पुढे केला.

"ये. हयसर घट्ट आसा. पाणी आता फिरतला."

जाळी काढणाऱ्या वाडीतल्या बायका थबकल्या, पाहू लागल्या. वाडीदेखत, भर उजेडात, आबांनी सुनेचा हात धरला होता. आणि फिरलेले पाणी हलके हलके, फेसाफेसाने, दोघांच्या पावलांवर चढत होते.